सतरा नंबरचा पट्टा

पावणेआठला मी खिडकी उघडते.
खिडकी कसली, पत्र्याला कापलेलं चौकोनी भोक.
त्यातून हात आत येतात,
सिमेंटने खाल्लेले, तंबाखूच्या वासाचे,
परवा एक मेंदीचा होता, नव्या नवऱ्याचा.
हाताला पट्टा, पट्ट्याला नंबर,
रजिस्टरात सही, नाहीतर अंगठा.

‘मावशी, लवकर द्या ना, लिफ्ट चाललीय.’
जाऊ दे. ती परत येते.

पट्टा मी डोळे मिटून बोटांतून सरकवते,
बापूस जाळं सरकवायचा तसा,
कोलशेतच्या खाडीवर, भरतीच्या आधी.
डोळा फसतो, म्हणायचा.
उन्हाने जळलेला धागा आणि नवा धागा
लांबून सख्खे भाऊ दिसतात.
बोटाला विचार.

आमची होडी जिथे उपडी पडलेली असायची
तिथेच हा सी टॉवर, चौतीस मजले,
आणि त्याच्या पायथ्याशी मी, पगारावर.
बापसाच्या जाळ्यातून निसटला
तर मासाच निसटायचा.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
बाविसाव्या मजल्यावर परांचीची फळी सरकली.
मी आधी घमेलं पाहिलं,
मग एक चप्पल.
मग वर बघायचं धाडस होईना.

हिरामण भोये लोंबकळत होता.
दोरीच्या पिशवीतली शिवण टराटरा उसवली होती,
ती उसवण्यासाठीच घातलेली असते.
काही टाके तुटण्याकरताच घालतात,
हे मला बापसानेही नव्हतं सांगितलं.
सहा मिनिटांनी त्याला एकविसाव्याच्या खिडकीतून आत ओढला.
पाणी प्याला, हसला,
आणि मांडीवरचा हात काढल्याबरोबर
गुडघे एकमेकांवर आपटायला लागले.

दुसऱ्या दिवशी खिडकीत त्याचाच हात.
‘सतराच द्या मला. शकुनाचा आहे.’
नाही रे बाबा.
ज्याने एकदा माणूस झेलला
त्याला पुन्हा वर पाठवायचं नसतं.
बाहेरून धड दिसतो,
आतून त्याने होतं ते सगळं दिलेलं असतं.
‘मग घरी नेतो. देवाजवळ ठेवतो.’
आणि तुझा धाकटा एक दिवस
तोच कमरेला बांधून मोहाळ काढायला झाडावर चढेल.
यावर तो गप्प झाला.
धाकटा आहे हे मी नुसतं अंदाजाने म्हटलं होतं.

मोठ्या कात्रीने कापला.
जाड असतो, चार-पाच दमांत कापला जातो.
हिरामण समोर उभा राहून बघत होता,
कुणाचे केस काढताना बघावं तसा.
नंबरचा बिल्ला तेवढा त्याला दिला,
त्याने तो वरच्या खिशात टाकला, बटण लावलं.

शेरा या रकान्यात सुपरवायझर म्हणाले,
‘झिजला’ लिहा, चौकशा नकोत.
मी लिहिलं, ‘माणूस झेलला.’
तारीख घातली, वेळ घातली,
मजला अक्षरी लिहिला, चेकवर लिहितात तसा.
त्यांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून दोनदा वाचलं.
पेन माझ्याच हातात होतं.

मग एकेचाळीस नंबर काढला, नवा,
कडक, अजून दुकानाचा वास असलेला.
बोटं फिरवली. एकदा. पुन्हा एकदा.
मांडीचे पट्टे त्याच्यावर ओढून बघितले,
हूक उघडून मिटवला, उघडून मिटवला.
वर गेल्यावर आधी हूक, मग पाय, म्हटलं.
‘हो मावशी.’
आधी काय?
‘हूक.’

लिफ्ट आली, जाळीचं दार आपटलं,
पिवळं हेल्मेट लहान होत गेलं.

पट्ट्यासाठी नियम आहे,
एकदा झेललं की पुन्हा वर नाही.
रजिस्टर मागचं-पुढचं चाळलं.
हिरामणसाठी तसं काही
कुठल्या पानावर सापडलं नाही.

साडेसहाला ‘परत’चा रकाना भरायला लागते.
नऊ आला, तेवीस आला, तीस घामाने ओला.
खाडीवर ओहोटी लागते, चिखलाचा वास इथवर येतो.
शेजारच्या कंटेनरमधला माणूस म्हणतो, बंद करा आता.
करते, म्हणते,
एकेचाळीस यायचाय.